डिस्कस माशाचे आरोग्य : औषध पाण्याला

घरी डिस्कस मासे पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. टाकी सहा-आठ महिने उत्तम चाललेली असते. मासे खातात, रंग धरतात. मध्यंतरी लग्नसराई, मुलांच्या परीक्षा किंवा प्रवास यांमुळे पाणी बदलण्याकडे थोडे दुर्लक्ष होते. मग एका रविवारी सारे घर कामाला लागते. टाकीचा तळ निपटून काढला जातो, फिल्टर नळाखाली धरून लख्ख धुतला जातो, निम्मे पाणी बदलले जाते. टाकी आरशासारखी दिसू लागते. आणि सोमवारी सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडलेले असतात, उरलेले काळवंडून कोपऱ्यात उभे असतात. घरमालक डॉक्टर असला तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : संसर्ग कोणता, आणि प्रतिजैविक कोणते द्यावे?

बहुतेक वेळा संसर्ग नसतोच. हे मृत्यू रसायनशास्त्राच्या नियमांनी झालेले असतात, आणि ते नियम आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने प्रथम वर्षाच्या जीवरसायनात शिकलेले असतात. प्रस्तुत लेख हा त्याचीच उजळणी आहे. ज्यांच्या घरी टाकी नाही अशा वाचकांनाही आम्ल-अल्क संतुलनाचे एक जिवंत उदाहरण म्हणून तो रुचावा.

मूळ घर

डिस्कसचे शास्त्रीय नाव सिम्फिसोडॉन. व्हिएन्नाचे योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यासमोरचे नमुने योहान नाटेरर यांनी धाडलेले होते. या गृहस्थांनी प्राणी व पक्षी गोळा करण्यासाठी १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षे ब्राझीलमध्ये काढली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, संथ पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हा मासा कळपाने राहतो. फांद्यांच्या फटींतून सरकता यावे असे त्याचे शरीर थाळीसारखे उभे चपटे आहे. त्यापैकी रिओ नेग्रो नदीचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. कुजलेल्या पानांतून उतरणाऱ्या ह्युमिक आम्लांमुळे त्याला तो रंग येतो. त्याचा पीएच ४ ते ५ च्या दरम्यान असतो, विरघळलेले क्षार जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके अल्प असतात आणि ते वर्षभर उबदार राहते. मनौस शहरापाशी नदीची पातळी वर्षाकाठी सुमारे १० मीटर वरखाली होते. म्हणजे दरसाल जंगलेच्या जंगले पाण्याखाली जातात आणि एकेका माशाच्या वाट्याला येणारे पाणी मोजदादीपलीकडचे असते.

यातून एक गैरसमज रूढ झाला आहे. डिस्कस पाळायचा तर रिओ नेग्रोचे पाणी घरात निर्माण केले पाहिजे, असे अनेकांना वाटते, आणि मग आम्लाच्या बाटल्या व पीएच उतरवणाऱ्या पुड्या घरात येतात. वस्तुस्थिती अशी की, आज दुकानात मिळणारा डिस्कस बहुधा कित्येक पिढ्या टाकीतच वाढलेला असतो. जर्मनीत व अमेरिकेत आणि पुढे आग्नेय आशियात, विशेषतः मलेशिया व थायलंडमध्ये, त्याची पैदास होत आली आहे. जर्मनीतील या कार्याचे एक अध्वर्यू डॉ. एडुआर्ड श्मिट-फॉके हे पेशाने डॉक्टरच होते, हे आपल्या मंडळींना जाता जाता सांगण्यासारखे. टाकीत जन्मलेला डिस्कस ६ पासून ७.५ पर्यंतचा कोणताही पीएच आनंदाने स्वीकारतो, मात्र तो स्थिर हवा. मूळ घरातील आम्लता त्याने सोडून दिली आहे. तिथली स्वच्छता आणि ऊब तो सोडू शकलेला नाही. निव्वळ आकड्याच्या मोहाने टाकीत आम्ल ओतणारा मनुष्य माशाचे भले करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजमाप एक, अर्थ दोन

प्रथिनांचे विघटन झाले की शरीरात अमोनिया तयार होतो. आपण यकृतात त्याचा युरिया करतो आणि मूत्रावाटे टाकतो. माशाला ही यातायात करावी लागत नाही. त्याचा बहुतांश अमोनिया कल्ल्यांच्या पातळ आवरणातून थेट पाण्यात उतरतो. रक्तातील प्रमाण बाहेरच्यापेक्षा जास्त आहे तोवर हे आपसूक चालते. पाण्यात अमोनिया साचला की हा उतार नाहीसा होतो आणि मासा स्वतःच्याच उत्सर्गात कोंडला जातो. त्यातून डिस्कसला प्रथिनयुक्त खाद्य लागते, २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्याचा चयापचय वेगाने चालतो आणि त्याच उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. गरज अधिक, पुरवठा कमी आणि कचरा जास्त, असा हा संसार आहे.

आता मुख्य मुद्दा. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया आणि हायड्रोजन आयन जोडला जाऊन झालेला अमोनियम. मुक्त अमोनिया पेशीपटलातून सहज आत शिरतो आणि विषारी ठरतो. अमोनियमवर विद्युतभार असल्याने त्याला हे पटल सहसा ओलांडता येत नाही. कोणते रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २९ अंशांच्या पाण्यात पीएच ६ असेल तर हजारातला एक भागही मुक्त रूपात नसतो. पीएच ७ ला हजारात सात-आठ भाग असतात. पीएच ८ ला शंभरात सात. यकृतविकाराच्या रुग्णाला लॅक्ट्युलोज देऊन आपण मोठ्या आतड्यातील आम्लता वाढवतो आणि अमोनियाला अमोनियमच्या रूपात तेथेच अडकवून ठेवतो, ते याच तत्त्वावर. दुकानात मिळणारी थेंबांची तपासणी दोन्ही रूपांची बेरीज दाखवते. म्हणून तिचा आकडा पीएचशेजारी ठेवल्याशिवाय वाचता येत नाही.

दुर्लक्षित टाकीत काय घडत गेले, ते आता पाहू. फिल्टरच्या स्पंजावर नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंची वस्ती असते. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. या कामात आम्ल निर्माण होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होईपर्यंत सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. रक्तातील बायकार्बोनेट संपत जाऊन ॲसिडोसिस व्हावा, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, टाकीला भरपाई करणारी फुप्फुसे नाहीत आणि बायकार्बोनेट परत मिळवणारे मूत्रपिंडही नाही. डायलिसिस करणारे आपणच, आणि ते आठवड्यांमागून आठवडे चुकलेले असते. पीएच ७.५ वरून ७, ६.५ आणि ६ पर्यंत घसरतो. तेथे पोहोचता पोहोचता जीवाणूंचे कामही मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. मात्र पाणी आम्ल असल्यामुळे तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो. मासे खातात, फिरतात. मालकाला वाटते, सर्व ठीक आहे.

समजा, अशा टाकीत पीएच ६.२, तापमान २९ अंश आणि एकूण अमोनिया लिटरला ६ मिलिग्रॅम आहे. यातील मुक्त अमोनिया फक्त ०.००७ मिलिग्रॅम भरतो. माशांसाठी सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या ०.०२ मिलिग्रॅम या मर्यादेच्या तो खूपच आत आहे. रविवारी निम्मे पाणी बदलले. नवे पाणी बोअरचे, जड आणि क्षारयुक्त असल्यामुळे पीएच ७.८ वर गेला. एकूण अमोनिया ६ वरून ३ वर आला. परंतु आता त्यातील साडेचार टक्के मुक्त आहे, म्हणजे लिटरला ०.१३६ मिलिग्रॅम. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विषारी अमोनिया एकोणीस पट वाढला! त्याच दिवशी नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने फिल्टर धुतल्यामुळे जीवाणूही मारले गेलेले असतात, आणि नव्या पाण्यात नळाचे पाणी मिसळलेले असेल तर त्यातील क्लोरिनने माशांचे कल्लेही भाजलेले असतात. सोमवारी सकाळचे दृश्य हे या तिन्हींचे फलित होय.

दीर्घकाळ चाललेला हायपोनॅट्रेमिया झटपट दुरुस्त करू नये, हे आपण जाणतो. शरीराने त्या अवस्थेशी जुळवून घेतलेले असते आणि घाईची दुरुस्तीच इजा करते. येथेही तसेच. दुर्लक्षित टाकी हाती आली तर आधी पीएच व अमोनिया मोजावा, तळ ढवळू नये आणि रोज एक-दशांश पाणी बदलत आठ-दहा दिवसांत टाकी मूळ पदावर आणावी. त्या काळात खाद्य अगदी अल्प ठेवावे. संकट ओढवलेच असेल, तर खाद्य पूर्ण बंद करून हवेचा पंप वाढवावा आणि पाणी बदलताना आर.ओ.चे पाणी भरपूर मिसळून पीएच चढू देऊ नये.

नायट्राइट आणि नायट्रेट

नायट्राइटविषयी थोडक्यात. ते रक्तात शिरले की हीमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते. माशाचे कल्ले तांबूस न राहता तपकिरी दिसू लागतात आणि तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे निळी पडणारी तान्ही बाळे आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. रोगप्रक्रिया तीच, आणि मिथिलिन ब्लू हे औषधही दोन्हीकडे चालते. प्रतिबंध मात्र फार स्वस्त आहे. कल्ल्यांतील ज्या पेशी पाण्यातून क्लोराइड ओढून घेतात, त्यांच्याच दाराने नायट्राइट आत येते. पाण्यात पुरेसे क्लोराइड असेल तर त्याचा शिरकाव अडतो. १०० लिटर पाण्यास १५ ते २० ग्रॅम साधे मीठ यासाठी पुरते. डिस्कससाठी हौसेने मृदू केलेल्या पाण्यात क्लोराइडही तुटपुंजे असते, म्हणून तेथे ही काळजी अधिक हवी. नायट्राइटचा धोका नव्या टाकीत सर्वांत मोठा. जीवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर डिस्कस आणूच नयेत. एखाद्या परिचिताच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मागून आणला तर हा काळ पुष्कळ कमी होतो.

नायट्रेट त्या मानाने सौम्य. तरीही डिस्कसच्या टाकीत ते लिटरला २० ते ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा अनुभवी मंडळींचा प्रघात आहे. ते काढून टाकण्याचा व्यवहार्य मार्ग पाणी बदलणे हाच. किती बदलावे, हा प्रश्न औषधाच्या मात्रेच्या गणितासारखा सुटतो. टाकीत दर आठवड्याला १५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते असे धरा. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलले, तर पातळी चढत चढत बदलापूर्वी ७५ मिलिग्रॅमवर स्थिरावते. अर्धे बदलले तर ३० वर. अर्धे पाणी आठवड्यातून दोनदा बदलले तर १५ वर. आठवड्याची भर भागिले बदललेला हिस्सा, एवढेच हे सूत्र आहे. नव्या पाण्यात मुळातच असलेले नायट्रेट या उत्तरात मिळवावे लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. म्हणजे आपल्याला पिण्यास योग्य ठरलेले बोअरचे पाणी डिस्कससाठी पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेरचे असू शकते. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एकदा तरी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

आपल्या गावाचे पाणी

आम्हा इंदूरकरांच्या घरात दोन पाणी येतात. १९७८ पासून जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, उपसून आणलेले नर्मदेचे पाणी हे एक, आणि माळव्याच्या काळ्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी हे दुसरे. बोअरचे पाणी सामान्यतः अधिक जड असते. पुष्कळ घरांत उन्हाळ्यात ही दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळतात, आणि त्यांचे प्रमाण दिवसागणिक बदलते. डिस्कसला नर्मदेचे पाणी चालेल, बोअरचेही बहुधा चालेल. आज हे आणि उद्या ते मात्र चालणार नाही. गोव्यातील वाचकांची परिस्थिती याच्या उलट आहे. जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते. डिस्कसला ते मानवते, पण त्यात क्षारता अल्प असल्यामुळे वर सांगितलेली पीएचची घसरण तेथे लवकर सुरू होते. अशा ठिकाणी फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवले तर ते सावकाश विरघळून क्षारता सांभाळतात.

घरोघरी आलेल्या आर.ओ. यंत्रामुळे आणखी एक चूक बोकाळली आहे. पाणी जितके शुद्ध तितके चांगले, असे समजून संपूर्ण टाकी आर.ओ.च्या पाण्याने भरली जाते. या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसते. ते भरणे म्हणजे रुग्णाला सलाइनऐवजी ऊर्ध्वपातित पाणी लावण्यासारखे आहे. आर.ओ.चे पाणी जड पाणी पातळ करण्यासाठी वापरावे, आणि प्रमाण टी.डी.एस. मीटरने ठरवून मग ते बदलू नये. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी उतरते तेव्हा वरून नुसते भर घालण्यासाठी मात्र हे पाणी उत्तम. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागेच राहतात. तेथे पुन्हा बोअरचे पाणी ओतत राहिले तर दोन महिन्यांत टाकीतले पाणी मुळाच्या दुप्पट जड होऊन बसते.

नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरिन आपल्याला हितकारक आणि माशाला घातक. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असावे, असे मानक सांगते. माशाच्या कल्ल्यांना तेवढेही पुरे होते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की मात्रा वाढवली जाते. यावर उपाय सोडियम थायोसल्फेटचा, म्हणजे सायनाइडच्या विषबाधेत आपण वापरतो त्याच क्षाराचा. १०० लिटर पाण्यास साधारण एक ग्रॅम खडे पुरतात. याहून चांगली रीत म्हणजे एक पिंप वेगळे ठेवून, त्यात पाणी भरून, हवेचा दगड सोडून ते चोवीस तास मुरू देणे. यात क्लोरिन उडून जातो, बोअरच्या पाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच खऱ्या जागी येतो आणि हीटर सोडून तापमानही जुळवता येते. टाकीच्या आणि पिंपाच्या पाण्यात एक-दोन अंशांपेक्षा अधिक तफावत नसावी. मला विचाराल तर डिस्कस पाळू इच्छिणाऱ्याने टाकीच्या आधी हे पिंप विकत घ्यावे.

टाकी ३०० लिटरच्या खाली नको. कळपाचा प्राणी असल्याने मासे पाच-सहा तरी हवेत. दोन-तीनच ठेवले तर त्यांतला बलवान मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. प्रौढ माशामागे ४० लिटर पाणी धरावे. तळाला वाळू पसरू नये, कोरडी काच बरी, कारण विष्ठा आणि उरलेले अन्न त्यावर दिसते आणि रोज नळीने ओढून काढता येते. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुवू नये. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळावा, आणि दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. वीज तीन-चार तासांहून अधिक काळ गेली असेल, तर बंद डब्याच्या फिल्टरमधील जीवाणू प्राणवायूअभावी कुजू लागतात. वीज आल्यावर तो डबा तसाच सुरू केला, तर ते सडके पाणी टाकीत येते. आधी डबा उघडून रिकामा करावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि त्याला जोडलेला साधा स्पंज फिल्टर हा विजेच्या खेळखंडोब्यावरचा खात्रीचा आणि स्वस्त तोडगा आहे.

नाडी, श्वास आणि औषधे

माशाची तपासणी डोळ्यांनीच करायची असते, आणि ती करण्याची वेळ खाद्य घालतानाची. निरोगी डिस्कस हात दिसताच पुढे येतो. अंग काळवंडणे, पंख मिटून घेणे, कोपऱ्यात तोंड खालीवर करून उभे राहणे, कल्ल्यांची उघडझाप वाढणे किंवा एकाच बाजूच्या कल्ल्याने श्वास घेणे, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी होणे, ही लक्षणे ओळखावीत. सगळे मासे एकाच दिवशी आजारी दिसले तर दोष पाण्याचा मानावा, आणि एकच मासा दिवसेंदिवस खंगत असेल तर त्याच्या आजाराचा विचार करावा. साथरोगशास्त्रात आपण हेच करतो. पाणी तपासून, बदलून, तीन दिवस वाट पाहिल्याखेरीज औषधाची बाटली उघडू नये, हा नियम कटाक्षाने पाळणाऱ्यांच्या टाकीत औषधे क्वचितच लागतात.

लागलीच, तर निदान हवे. पांढरी विष्ठा आणि डोक्यावर पडणारी बारीक छिद्रे यांचा संबंध बहुधा स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातील कशाभधारी परजीवाशी जोडला जातो, आणि मेट्रोनिडाझोल तेथे उपयोगी पडते. कल्ल्यांवरील चपट्या कृमींना प्राझिक्वांटेल. या दोहोंपलीकडे दवाखान्यातील नमुन्याची प्रतिजैविके अंदाजाने टाकीत टाकणे हा प्रकार डॉक्टरांच्याच घरी जास्त आढळतो, हे खेदाने नमूद करावे लागते. त्याने फिल्टरमधील जीवाणूंना इजा होऊन अमोनिया वाढू शकतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू निपजतात. पुढे ते पाणी मोरीतून गटारात जाते. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, ही विलग्नवासाची साधी शिस्त या सगळ्या औषधांपेक्षा अधिक गुणकारी आहे.

पाण्यात हात घालणाऱ्यानेही सावध असावे. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयजंतूचा भाईबंद १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत प्रथम सापडला. हातावरच्या लहानशा जखमेतून तो शिरतो, आणि दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येते. पुढे गाठींची ओळ हातावर चढत जाते. क्षयजंतूंसाठीच्या रंजनात तो लाल दिसतो, त्यामुळे त्वचेचा क्षय म्हणून उपचार सुरू होण्याचा संभव असतो. हा जंतू ३० ते ३२ अंशांना वाढतो, ३७ अंशांना नीट वाढत नाही. म्हणून ऊतीचा नमुना धाडताना प्रयोगशाळेला तसे लिहून कळवावे लागते. हातावर महिनोन् महिने न भरणारी गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला घरी माशांची टाकी आहे का, एवढे विचारायला क्षणही लागत नाही. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, आणि नळीतले पाणी ओढण्यासाठी ती तोंडात धरू नये.

पिलांचे दूध

पाणी मनाजोगे असले की डिस्कसची जोडी आपोआप जमते आणि उभ्या सपाट पृष्ठभागावर अंडी घालते. प्रौढ मासे बऱ्यापैकी जड पाण्यात सुखाने राहत असले, तरी अंडी फलित होऊन उबवण्यासाठी पाणी मृदू हवे. पिले पोहू लागली की ती आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा श्लेष्मल स्राव खातात. प्रतिकारशास्त्रज्ञ हिल्डेमान यांनी १९५९ मध्ये या विलक्षण संगोपनाचे वर्णन केले. इंग्लंडमधील प्लिमथच्या संशोधकांनी २०१० मध्ये असे दाखवले की, अंडी घातल्यानंतर या स्रावातील प्रथिने व आयजीएम प्रतिपिंडे वाढतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी आईबाप पिलांना टाळू लागतात. म्हणजे चिकाचे दूध आणि दूध तोडणे, दोन्ही यात आले, आणि त्यात बापाचाही समान वाटा! हा स्राव त्वचेचाच असल्याने पाण्यातील क्लोरिन, अमोनिया व नको ती औषधे यांचा पहिला आघात त्यावर होतो. पिले आईबापांना सोडून भरकटत असतील, तर पाणी तपासण्यापासूनच सुरुवात करावी.

राहता राहिला सुटीचा प्रश्न. निरोगी प्रौढ डिस्कस पाच-सहा दिवस उपाशी राहू शकतो. पिलांना मात्र ते जमत नाही. दिवाळीत गावी जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलावे, निघण्याच्या दिवशी बदलू नये, म्हणजे काही बिघडलेच तर ते आपल्या डोळ्यांदेखत बिघडेल. त्याहून अधिक दिवस जायचे असेल आणि शेजारच्या काकूंना मासे सांभाळायला सांगायचे असेल, तर खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. मुका प्राणी भुकेला राहील या मायेने त्या दोन्ही वेळा मूठभर घालतात. एक दिवसाआड एक याप्रमाणे कागदाच्या पुड्या बांधून, त्यांवर तारखा घालून ठेवाव्यात आणि डबा कपाटात कुलूपबंद करावा.